गाळणं राहिलं, जीवाणी गेली



आजचा लेख जरा तिखट होणार आहे, आधीच सांगते. राग आला तर मंदिरात भेटल्यावर भांडा, पण पूर्ण वाचून भांडा.

गेले काही महिने भिशीत, मंदिराच्या पायरीवर, मोबाईलवरच्या गटात एकच विषय सारखा कानावर येतो, तो म्हणजे घरातली 'एनर्जी'. कोणी कोपऱ्यात खडेमिठाची वाटी ठेवली आहे. कोणी दर महिन्याच्या एक तारखेला उंबरठ्यावर दालचिनीची पूड फुंकते. कोणी तेजपानावर मनातली इच्छा लिहून ते पान जाळते. पाण्याच्या ताटलीत पितळी कासव, बैठकीत सात घोड्यांचं चित्र, कपाटावर पिरॅमिड. हे करणाऱ्या बाया कोण? रोज देवदर्शन केल्याशिवाय चहा न घेणाऱ्या, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न चिरणाऱ्या, आपल्यातल्याच.

विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "त्यात वाईट काय आहे वहिनी? घर प्रसन्न वाटतं. मुलं आवडीनं बघतात. थोडी जादू असावी ना घरात!"

घरात थोडी जादू असावी, हे मलाही मान्य आहे. आपल्या वणीत सकाळी पुसलेल्या ओट्यावर दुपारपर्यंत कोळशाची काळी भुकटी बसते, वाळत घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळी राखाडी होऊन खाली येतो. तीच भांडी, तेच डबे, तोच कुकर. या सगळ्यात दिवसातली एक तरी कृती अशी असावी की जी करताना बाईचा हात थांबावा आणि तिला वाटावं, मी आत्ता जे केलं ते नुसतं काम नव्हतं. ही भूक खरी आहे आणि मी तिला हसणार नाही.

माझं भांडण वेगळंच आहे. जैन घरात ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या होती. आपण तिचा अर्धा भाग टाकून दिला, आणि रिकामी झालेली जागा भरायला आता कासव विकत आणतो.

दोन भागांचं एक काम

पाणी गाळणं घ्या. आपल्या घरातलं सगळ्यात साधं, सगळ्यात जुनं काम. जाड सुती कापड, छत्तीस अंगुळं लांब, चोवीस अंगुळं रुंद, दुहेरी घडीचं, फक्त पाण्यासाठी राखलेलं. ते गुंडाच्या तोंडावर मधोमध खोलगट बसवायचं, सावकाश पाणी ओतायचं. इथपर्यंत आपल्यातल्या बऱ्याच जणी अजून करतात. कोणी कापडाऐवजी नळाला नायलॉनची जाळी बांधते. कापसाच्या जिल्ह्यात राहून नायलॉन बांधावं लागतं हे दुर्दैव, पण ते सोडून देऊ.

पण काम इथे संपत नव्हतं. पुढचा भाग माझी मोठी आई ज्या निगुतीनं करायची तो मी लहानपणी रोज पाहिला आहे. गाळणं उलटं करायचं, वरून गाळलेलं थोडं पाणी अलगद सोडायचं, आणि कापडाच्या वरच्या अंगाला जे जीव अडकले असतील ते एका लहान भांड्यात उतरवायचे. ती जीवाणी. ती मोरीत टाकायची नाही. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत परत पोचवायची. तेही वरून भिरकावून नाही. त्यासाठी बुडाला कडी असलेली खास छोटी बादली असे. ती दोरीनं पाण्यापर्यंत उतरवायची, पाण्याला टेकली की बुडाची दोरी ओढून तिथेच उलटी करायची. वीस-तीस हात खोल विहिरीत वरून पाणी ओतलं तर ते जीव आपटून मरतील, म्हणून एवढा खटाटोप. जे डोळ्यांना धड दिसतही नाहीत त्यांना घरी पोचवायला दोरी, बादली, कडी आणि सकाळची पाच मिनिटं.

आता सांगा, याहून मोठी जादू कोणत्या दुकानात मिळते?

या कामाचा पहिला भाग आपल्या उपयोगाचा आहे. पाणी स्वच्छ होतं, ते आपण पितो. दुसऱ्या भागाचा आपल्याला काडीचाही उपयोग नाही. तो फक्त त्यांच्यासाठी आहे. आणि आपण नेमका तोच भाग सोडला. गाळणं राहिलं, जीवाणी गेली. उपयोगाचं तेवढं ठेवलं.

'हे तर सायंटिफिक आहे'

हे असं का झालं, त्याला एक कारण मला स्पष्ट दिसतं. आपल्याला आपला धर्म शाळेतल्या मुलांपुढे सिद्ध करून दाखवायची घाई झाली. एका थेंबात 36,450 जीव असतात असा आकडा कोणा इंग्रज कप्तानाच्या नावावर आपल्या पुस्तिकांतून आणि प्रवचनांतून फिरतो. "बघा, आपल्या पूर्वजांना जंतू माहीत होते, म्हणून पाणी गाळायचे, आजार व्हायचे नाहीत." मुलं माना डोलावतात, मग विचारतात, "आई, आता आरओ आहे ना?" आणि आपण गप्प बसतो.

विज्ञानाचं नाव घ्यायचं तर नीट घेऊ. बांगलादेशातल्या मतलब भागात रीटा कॉलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंच्या गटानं गावोगावच्या बायांना जुनी सुती साडी अनेक पदरी दुमडून तळ्या-नदीचं पाणी गाळायला शिकवलं. 2003 साली त्याचे निष्कर्ष छापून आले. कॉलऱ्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जलचरांना चिकटून राहतात, ते जलचर साडीत अडकतात, म्हणून फरक पडतो. आनंदाची गोष्ट आहे. पण हेच कापड सुटे जंतू अडवत नाही, आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कितीतरी गावांच्या बोअरमध्ये जे फ्लोराइड आहे ते तर मुळीच अडवत नाही. तिथे आरओ लागतो, जरूर लावा.

मुद्दा असा की आजार टळावा एवढ्यासाठीच गाळायचं असतं तर कापडावरचा गाळ मोरीत झटकून आपण मोकळ्या झालो असतो. बांगलादेशातल्या बायांना तेवढंच हवं होतं, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. आपलं गाळणं तिथे संपत नाही. जीवाणी परत नेण्याला आरोग्याचं कारण देता येत नाही, म्हणून 'सायंटिफिक' म्हणणाऱ्यांच्या पुस्तिकेत तिला जागा मिळाली नाही. मुलाला "जंतू मरतात" असं सांगण्यापेक्षा "हे त्यांचं घर आहे, आपण त्यांना परत सोडतो" असं सांगा. ते खरंही आहे आणि त्याला आरओचं उत्तर लागू पडत नाही.

आणि हो, पाण्याचा थेंब हाच अप्कायिक जीवांचं शरीर आहे, हे आपण पाठशाळेत शिकलो. कापडानं त्रस जीव तेवढे वाचतात. बाकीची हिंसा आपण जाणून पितो. म्हणून तर गाळलेल्या पाण्याला एका मुहूर्ताची, 48 मिनिटांची मर्यादा आहे आणि म्हणून लागेल तेवढंच घ्यायचं आहे. सामायिकही 48 मिनिटांचंच. दोन घटिका पाणी, दोन घटिका स्वतःजवळ बसणं. दिवसाचं माप एकच होतं.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा लेवेनहूक हा कापडाचा दुकानदार होता. कापडाचा धागा तपासायला व्यापारी भिंग वापरायचे. त्यानं स्वतः फार बारीक भिंगं घासली आणि पाण्याकडे वळवली. 1676 साली त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं की पाण्यात जिवंत, हलणारे, डोळ्यांना न दिसणारे प्राणी आहेत. लोकांचा विश्वास बसेना. आपल्यातही घरोघरी कापडाची दुकानं आहेत. आपल्या आज्यांकडे कापड होतं, भिंग नव्हतं. तरी त्या जीवाणी जपून नेत होत्या. मला तर लेवेनहूकपेक्षा आजीचंच जास्त नवल वाटतं, कारण तिनं न बघता काळजी घेतली.

मागणं आणि जपणं

आता तेजपानाकडे येते. पानावर इच्छा लिहून जाळणं आणि जीवाणी परत नेणं, दोन्ही छोट्या कृती, दोन्हींत हात सावकाश चालतो. मग फरक काय? एकीत मी मागते. दुसरीत मी जपते.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अवघ्या 150 श्लोकांत गृहस्थाचा धर्म बांधला. सुरुवातीलाच त्यांनी तीन मूढता सांगितल्या. नदी-समुद्रात बुडी मारली, वाळू-दगडांची रास रचली की धर्म झाला असं मानणं ही लोकमूढता. वर मिळावा म्हणून रागी-द्वेषी देवांना पुजणं ही देवमूढता. आणि परिग्रहात बुडालेल्यांना गुरू मानून मान देणं ही तिसरी. मिठाची वाटी आणि दालचिनीची फुंकर यातल्या कोणत्या खणात बसते ते मी सांगायला नको. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत दुसरंच अंग निःकांक्षित आहे, म्हणजे धर्म करून बदल्यात काही न मागणं.

आणि बाहेरून आलेल्या कासवालाच काय बोल लावायचा? आपल्याच भक्तामराच्या 48 श्लोकांचे तक्ते झाले आहेत. हा श्लोक डोकेदुखीला, तो श्लोक कोर्टकचेरीला, अमुक श्लोक नीटच्या परीक्षेला. णमोकार मंत्रात कोणाकडेही काही मागितलेलं नाही, फक्त नमस्कार आहे. त्याचीही आपण मालं मोजतो आणि मुलाच्या निकालाशी हिशेब जुळवतो. आईची काळजी मला कळते. मुलासाठी जीव तुटतो तेव्हा जप जरूर करा, मन शांत होतं. पण त्याला सौद्याचं रूप देऊ नका. निकाल वाईट लागला की मुलाला मंत्रावरचाही विश्वास गमवावा लागतो.

मोठ्या चमत्काराचं काय होतं ते आपण विदर्भातल्या लोकांनी जवळून पाहिलं आहे. शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आपले सगळ्यांचे. मूर्तीखालून कापड आरपार जातं ही गोष्ट ऐकत आपण मोठ्या झालो. त्याच मंदिराचं दार दोन पंथांच्या वादात चाळीसहून जास्त वर्षं बंद राहिलं, 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडलं. कोण बरोबर, कोण चूक यात मला पडायचं नाही, दोन्हीकडे माझ्या बहिणी आहेत. एवढंच सांगते की त्या चाळीस वर्षांत कोणाच्याही घरच्या गाळण्याला कुलूप लागलं नव्हतं. तिथे मालकीचा वाद घालायला काही नव्हतंच.

सोंडे, दळण आणि रविवारचं मीठ

जीवाणी एकटी नाही. अशी अर्धी राहिलेली बरीच कामं आपल्या स्वयंपाकघरात आहेत.

पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. म्हणजे चक्कीवर दळण किती टाकायचं हे ऋतू ठरवायचा. कॅलेंडर न बघता घराला कळायचं की हवा बदलली. आज आपण दहा किलोचं पोतं आणतो आणि 'सीझनल लिव्हिंग'चे व्हिडिओ बघतो.

वैशाखात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो. त्या उन्हात गच्चीवर तूर-गहू पसरला की सोंडे तडफडून मरतात. धान्य साफ होतं, काम होतं. पण आधी सावलीत चाळायचं, निघालेले सोंडे चार दाण्यांसकट भिंतीकडेच्या सावलीत ठेवायचे, मग धान्य उन्हात न्यायचं, ही रीत होती. त्याहून चांगलं म्हणजे ते होऊच द्यायचे नाहीत. डाळीला एरंडेल चोळायचं, गव्हात कडुनिंबाचा पाला घालायचा, डबा कोरडा ठेवायचा. पाण्याच्या टाकीचंही तेच. टाकीत डासांच्या अळ्या झाल्यावर "आता काय करू" म्हणण्यापेक्षा टाकी आधीच कापडानं आणि झाकणानं बंद ठेवा. अहिंसेचा निम्मा भाग झाकणात आहे.

आणि रविवारी मीठ सोडणं. आठवड्यात एक दिवस अळणी वरण-भात जेवून बघा. सोमवारच्या पहिल्या घासाला मिठाची जी चव कळते ती कोपऱ्यातल्या मिठाच्या वाटीतून जन्मात कळणार नाही. ज्यांना रक्तदाबाचा किंवा दुसरा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून करावं.

पण हे सगळं करायचं कोणी?

मला माहीत आहे, इथपर्यंत वाचून अर्ध्या जणी मनात म्हणाल्या असतील, "बोलणं सोपं आहे. सकाळी डबे, दुपारी दुकान, संध्याकाळी सासूबाईंची औषधं. त्यात बादली घेऊन विहिरीवर मी जाऊ?"

बरोबर आहे तुमचं. आणि या लेखातलं माझं खरं भांडण इथेच आहे.

मंदिरात बोली लागते तेव्हा माइक पुरुषांच्या हातात असतो. घरात पाणी गाळायचं असतं तेव्हा कापड बाईच्या हातात असतं. पुण्याचा बोर्ड त्यांच्या नावाचा, पाण्याची मर्यादा सांभाळायची आपण. रात्रीभोजन-त्यागाचंच बघा. डिसेंबरात वणीत सूर्य साडेपाचनंतर लगेच मावळतो, जूनमध्ये सातच्या सुमारास. दुकानाचं शटर मात्र बाराही महिने नऊला पडतं. मग नऊला घरी आलेल्या माणसासाठी गॅस पेटवायचा कोणी? ज्या बाईनं स्वतः सूर्यास्ताआधी जेवून नियम पाळला, तीच रात्री दिव्याखाली पोळ्या लाटते. नियम मोडला कोणी आणि मोडायला हात कोणाचे वापरले, याचा विचार घरातल्या पुरुषांनी करावा. डबा दुकानावर मागवता येतो. साडेपाचला दहा मिनिटं गल्ल्यावर मुलाला बसवता येतं. श्रावकाचार हा श्रावकाला उद्देशून लिहिलेला आहे, त्याच्या बायकोला एकटीला नाही.

एकट्या सुनेच्या डोक्यावर टाकलेला नियम म्हणजे वेठ. वेठीत जादू कशी राहील? जीवाणी गेली ती आपल्या आळसामुळे गेली असं म्हणणाऱ्यांना हे सांगा. दोघांचं काम एकटीवर पडलं की जो भाग कोणाला दिसत नाही तो आधी गळतो.

विहीर

अजून एक अवघड प्रश्न उरतो. जीवाणी परत न्यायची कुठे? नळाच्या पाण्याचं मूळ कुठल्या कुठे आहे. बोअरमध्ये जीवाणी सोडताच येत नाही, म्हणून तर त्यागी-व्रती बोअरचं पाणी घेत नाहीत. मुनिमहाराजांचा विहार गावाकडे वळला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. चौक्यासाठी विहिरीच्या पाण्याची धावपळ सुरू होते. कोणाच्या वाड्यात विहीर शिल्लक आहे, कोणती उपसलेली आहे, कोणाकडे दोर आहे. महाराजांचा विहार पुढे झाला की विहिरीवर पुन्हा फरशी.

महाराज आहेत तोवर जीवांची काळजी आणि ते गेल्यावर नाही, असा कोणता धर्म आहे?

तेव्हा माझी मागणी अगदी छोटी आहे आणि ती मी पुरुषमंडळींसकट सगळ्यांपुढे ठेवते. गावात आपल्या माणसांच्या ताब्यात असलेली एक तरी विहीर उपसून, कठडा दुरुस्त करून, वर जाळी टाकून बारा महिने चालू ठेवावी. तिथे दोर आणि बुडाला कडी असलेली बादली कायमची असावी. आठवड्याची पाळी लावावी आणि त्या पाळीत पुरुषांची नावं आधी लिहावीत. ज्यांच्या घरी नळाशिवाय सोय नाही त्यांनी जीवाणीचं काय करावं हे आपल्या व्रतींना विचारावं, पण विचारावं तरी. आज कोणी विचारतही नाही. आणि येत्या दशलक्षण पर्वात बोलीच्या रकमेतला एक हिस्सा या विहिरीला मिळावा असा ठराव महिला मंडळानं मांडावा. मी मांडणार आहे. अनुमोदनाला हात लागतील.

तोपर्यंत घरात करता येईल असं एक काम आहे. उद्या सकाळी जीवाणी पांढऱ्या वाटीत उतरवा, उन्हाच्या तिरपेला धरा आणि मुलांना बोलवा. टाकी झाकलेली असेल तर बहुधा काही दिसणार नाही, आणि ते चांगलंच आहे. विहिरीचं पाणी असेल तर एखादा मोहरीएवढा जीव टुणकन उडी मारताना दिसेल. मुलं ओरडतील. मग त्यांच्याच हातात वाटी द्या आणि तो जिथून आला तिथे सोडायला लावा. नवऱ्यालाही बरोबर पाठवा, बादली त्यांना उचलू द्या.

भिशीत कासव दाखवणाऱ्या मैत्रिणीला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, "पण वहिनी, यानं मिळतं काय?" मी म्हटलं, काहीच नाही. ती थोडी हिरमुसली. मग विचारात पडली आणि म्हणाली, बादली कुठे मिळते ते सांगा.

कासार आळीत करून मिळेल. दोन सांगितल्या तर थोडं स्वस्तात देईल.